सोसायटीच्या व्हॉलीबॉल संघाने आधी कशाचा सराव करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वाकडमधील एका गृहसंकुलात पंचविशी ते पंचेचाळिशीतील आठ-नऊ जण संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतात, त्यांतील दोन उंच मुले उत्तम स्मॅश मारतात आणि आपसांतील सामने रंगतात. परंतु आंतर-सोसायटी स्पर्धेत गेले की संघ पहिल्याच फेरीत हरतो. हिवाळ्यातील पुढच्या स्पर्धेआधी जंप सर्व्हिस (उडी मारून केलेली सर्व्हिस) शिकावी, एकाच सेटरची, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उंच उचलून देणाऱ्या खेळाडूची, पाच-एक पद्धत बसवावी, की आणखी एक स्मॅशर शोधावा, असे तुम्ही विचारले आहे. पुण्यातील शालेय, महाविद्यालयीन आणि हौशी संघांना मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की या तिन्हींपैकी एकही गोष्ट आत्ता करू नये.

तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे: ‘समोरून सर्व्हिस आली की आमचा चेंडू कुठेही उडतो.’ खरी अडचण हीच आहे. व्हॉलीबॉलमध्ये संघाला तीनच स्पर्श मिळतात (ब्लॉकचा, म्हणजे नेटजवळ उडी मारून समोरचा स्मॅश अडवतानाचा, स्पर्श त्यात धरत नाहीत). पहिला स्पर्श बिघडला तर सेटरला चेंडूमागे धावावे लागते, दुसरा स्पर्श कसाबसा होतो आणि तिसऱ्या स्पर्शाला तुमचे ते दोन उंच खेळाडू नेटपासून दूर उभे राहून चेंडू फक्त पलीकडे ढकलतात. त्यांच्या स्मॅशमध्ये काही उणे नसते; स्मॅश मारता येईल असा चेंडूच त्यांच्यापर्यंत येत नाही. तिसरा स्मॅशर आणलात तर तोही त्याच चेंडूची वाट पाहत उभा राहील.

आपसांत खेळताना हे लक्षात येत नाही, कारण तेथे सर्व्हिस करणारा आणि ती घेणारा एकमेकांच्या सवयीचे असतात आणि सर्व्हिस बहुधा खेळ सुरू करून देण्यापुरतीच केली जाते. स्पर्धेत समोरचा संघ तुमच्या सर्वांत कच्च्या खेळाडूला हेरून त्याच्यावरच सर्व्हिस करत राहतो. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळवता येत असे, त्यामुळे सर्व्हिस घेताना चूक झाली तर गुण जाई, पण सर्व्हिस करताना चूक झाली तर फक्त सर्व्हिस जाई. १९९८ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने प्रत्येक रॅलीला (सर्व्हिसपासून चेंडू थांबेपर्यंतच्या खेळाला) गुण देण्याची पद्धत स्वीकारली आणि तेव्हापासून कोणत्याही बाजूची प्रत्येक चूक म्हणजे समोरच्याला एक गुण झाला. तुमच्यासारख्या पातळीवर सेट जिंकले जातात ते कमी चुका करून, आणि सर्वाधिक चुका पहिल्या दोन क्रियांत होतात: सर्व्हिस करताना आणि सर्व्हिस घेताना.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तपासून घ्या. पहिली गोष्ट नेटची उंची. पुरुषांसाठी ती मैदानाच्या मध्यावर २.४३ मीटर आणि महिलांसाठी २.२४ मीटर असते, आणि दोन्ही कडांना नेट त्याहून २ सेंटिमीटरपेक्षा अधिक वर असता कामा नये. सोसायटीच्या मैदानांवर खांब बहुतेक वेळा ठीक असतात, पण दोरी सैल पडून मध्यभागी नेट चांगलेच झुकलेले असते. अशा नेटवर रोज स्मॅश मारणारा खेळाडू स्पर्धेतील ताणलेल्या नेटवर गेला की त्याचा चेंडू पट्टीवर आदळतो आणि त्याचा दिवस वाईट गेला असे सगळ्यांना वाटते. मोजपट्टी घेऊन मध्यावरची उंची एकदा मोजा. तुमच्या स्मॅशरांबद्दलची निम्मी चर्चा तेथेच संपू शकेल.

दुसरी गोष्ट चेंडू. त्याचे वजन २६० ते २८० ग्रॅम आणि आतील दाब ०.३० ते ०.३२५ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे पंपाच्या काट्यावर साधारण ४.३ ते ४.६ पीएसआय, असावा. हातपंपाने अंदाजे हवा भरणारे बहुतेक जण चेंडू दगडासारखा टणक होईपर्यंत थांबत नाहीत. असा चेंडू हातावरून अनावर उसळतो, हात लाल होतात, आणि नवा खेळाडू चेंडू अंगावर घेण्यालाच घाबरू लागतो. पासिंग, म्हणजे पहिल्या स्पर्शात चेंडू सेटरकडे देणे, सुधारण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, म्हणून काटा असलेला पंप अवश्य घ्या.

तिसरी गोष्ट जमीन. मुरुमाचे मैदान पाणी मारून आणि रोलर फिरवून ठेवलेले असेल तर त्यावर बिनधास्त खेळता येते. पुण्यातील बऱ्याच नव्या संकुलांत मात्र मैदान काँक्रीटचे किंवा त्यावर रंगाचा थर दिलेले असते. तुमचे तसे असेल तर चाळिशीच्या आसपासच्या खेळाडूंकडून रोज उड्यांचा सराव करून घेणे मी योग्य मानत नाही. गुडघ्याच्या वाटीखालचे दुखणे या खेळात नेहमीचे आहे आणि कठीण जमीन त्यात भर घालते. पासिंग आणि सर्व्हिसचा सराव उड्यांशिवाय होतो, हाही तो आधी करण्यामागचा एक हेतू आहे.

आता मुख्य विषय, म्हणजे अंडरहँड पास. बहुतेक हौशी खेळाडूंची समजूत अशी असते की हातांनी चेंडू वर उडवायचा असतो. वेगाने आलेल्या सर्व्हिसमध्ये नेटपर्यंत पोहोचण्याइतका वेग मुळातच असतो. तुमचे काम त्याला आणखी बळ देण्याचे नसून त्याची दिशा बदलण्याचे आहे. दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी समांतर ठेवून मनगटे खाली दाबली की कोपर सरळ होतात आणि मनगटाच्या वरच्या बाजूला हातांचा एक सपाट भाग तयार होतो. चेंडू त्या भागावर पडला पाहिजे. मुठीवर किंवा अंगठ्यांवर नव्हे. तो भाग ज्या दिशेला तोंड करून असेल त्या दिशेला चेंडू जाईल, मग तुमची छाती कोठेही वळलेली असो. म्हणून चेंडू डाव्या बाजूला आला तर डावा खांदा किंचित वर आणि उजवा खाली करून हातांचा उतार सेटरकडे वळवावा. सर्व्हिस जोरात असेल तर हात जवळजवळ स्थिर ठेवावेत. चेंडू मंद असेल तर उचल गुडघ्यांतून आणि मांड्यांतून द्यावी. खांद्यातून हात झोकून देणे ही या पातळीवरची सर्वांत घातक सवय आहे, कारण हात फिरत असताना चेंडू क्षणभर आधी किंवा नंतर लागला तरी तो वेगळ्याच दिशेला जातो.

आपल्याकडे याला एक स्थानिक कारणही आहे. तुमच्या संघातील काही जण गावाकडे शूटिंगबॉल खेळून आलेले असण्याची शक्यता आहे. तो खेळ मला अतिशय प्रिय आहे आणि त्यातून आलेल्या खेळाडूंची नजर व चपळता उत्तम असते. परंतु त्यांना मुठी जुळवून चेंडू जोरात मारण्याची सवय असते आणि व्हॉलीबॉलमध्ये पहिल्या स्पर्शाला तीच आड येते. अशा खेळाडूला शब्दांनी समजावून फारसा उपयोग होत नाही. त्याच्यासमोर तीन-चार मीटरवर उभे राहून हाताने सावकाश चेंडू टाकावा आणि तो हात न हलवता, फक्त गुडघे किंचित वाकवून, पुन्हा आपल्याच हातात परत येईल असे करून घ्यावे. हे साधल्याशिवाय अंतर वाढवू नये.

हातांपेक्षाही पायांचे महत्त्व अधिक आहे. पाय खांद्यांइतके फाकवून, एक पाऊल थोडे पुढे, वजन टाचांवर न ठेवता चवड्यांवर, आणि नजर सर्व्हिस करणाऱ्याच्या खांद्यावर व हातावर. चेंडू नेट ओलांडेपर्यंत वाट पाहणारा खेळाडू नेहमीच उशिरा पोहोचतो. तो हातावरून सुटताच त्याचा माग घेऊन दोन छोटी पावले टाकली आणि चेंडू येण्याआधी थांबून उभे राहिले, तर साधारण खेळाडूसुद्धा चांगला पास देतो. धावता धावता दिलेला पास राष्ट्रीय खेळाडूलाही अवघड जातो. फिरकी न देता मारलेली फ्लोट सर्व्हिस हवेत डगमगते, कारण न फिरणाऱ्या चेंडूच्या पृष्ठभागावरून हवा एकसारखी सुटत नाही. तिच्यापुढे तर पाय हलते ठेवण्याला पर्यायच नाही. छातीच्या वर येणारी फ्लोट बोटांनी, म्हणजे ओव्हरहेड, घेण्याचीही सवय करा. नियमांनुसार संघाच्या पहिल्या स्पर्शात एकाच क्रियेत चेंडू लागोपाठ दोन्ही हातांना लागला तरी चालतो. मात्र तो धरून फेकलेला नसावा.

पास नेमका कोठे द्यायचा? मोठ्या सामन्यांत तो नेटच्या मध्यापासून जरा उजवीकडे दिला जातो. तुम्ही सध्या सरळ मध्य धरा, नेटपासून मीटर-दीड मीटर आत, आणि सेटरच्या डोक्यावर दोन-अडीच हात उंच. मध्य धरण्याचा लाभ असा की पास डावीकडे-उजवीकडे चुकला तरी सेटरला एक-दोन पावलांत तो गाठता येतो. नेटच्या फार जवळ जाण्यापेक्षा थोडा आखूड पडलेला पास केव्हाही बरा, कारण नेटवरून पलीकडे गेलेला पास समोरच्या उंच खेळाडूला आयता स्मॅश देतो.

तंत्रासोबत उभे राहण्याची रचनाही बदलावी लागेल. पाच जणांनी इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात उभे राहण्याची रीत शाळांतून शिकवली जाते आणि तुम्हीही बहुधा तीच वापरत असाल. तिचा तोटा असा की माणसे जास्त म्हणून त्यांच्यामधल्या फटीही जास्त होतात, आणि दोघांच्या मध्ये पडलेला चेंडू दोघेही पाहत राहतात. तुमच्या संघासाठी मी चार जणांची रचना सुचवतो: सेटर आणि पासिंगमध्ये सर्वांत कच्चा असलेला पुढच्या रांगेतील खेळाडू नेटजवळ, बाकीचे चौघे मैदानाच्या मागच्या निम्म्यात किंचित अर्धवर्तुळात. नियम इतकाच पाळायचा की सर्व्हिस होताना तुमचा क्रम बिघडता कामा नये: पुढच्या रांगेतील खेळाडूचे निदान एक पाऊल त्याच्या मागच्या जोडीदारापेक्षा नेटच्या बाजूला असावे आणि रांगेतील कडेचा खेळाडू मधल्यापेक्षा आपल्या बाजूच्या रेषेकडे असावा. सर्व्हिस झाल्यानंतर प्रत्येकाला हवी ती जागा घेता येते. स्पर्धेत पंचांनी क्रम चुकल्याची शिट्टी दिली की हौशी संघ गोंधळून जातात, म्हणून सहाही रोटेशन (सर्व्हिस परत मिळाली की सगळे एकेक जागा पुढे सरकतात, त्या सहा मांडण्या) खडूने जमिनीवर आखून एकदा शांतपणे चालून पाहावेत.

चेंडू कोणाचा हे आधीच ठरलेले असावे. माझ्या संघांत नियम असा असतो की पुढच्या आणि मागच्या खेळाडूच्या मधला, छातीच्या वर येणारा चेंडू मागच्याचा, कारण तो समोर पाहत पुढे येत असतो आणि पुढच्याला मात्र मागे सरकावे लागते. ज्याचा चेंडू त्याने ‘माझा’ असे मोठ्याने आणि लवकर म्हणायचे. उशिरा म्हटलेले ‘माझा’ हे न म्हटल्यासारखेच आहे. बाकीच्यांनी त्या क्षणी बाजूला होऊन त्याच्याकडे तोंड करावे, म्हणजे पास बिघडला तरी दुसरा स्पर्श वाचवता येतो.

पाच-एक पद्धतीबद्दल. एकच सेटर सहाही रोटेशनमध्ये सेट करतो तेव्हा तीन रोटेशनमध्ये तो मागच्या रांगेतून धावत नेटजवळ येतो, आणि त्या वेळी पास थोडा जरी बिघडला तरी सगळे ढासळते. शिवाय मागच्या रांगेतील खेळाडूला तीन मीटरच्या रेषेच्या आत नेटच्या कडेपेक्षा उंच असलेला चेंडू पलीकडे मारता येत नाही. नवे सेटर उत्साहाने उडी मारून चेंडू पलीकडे टाकतात आणि गुण गमावतात. तुम्ही चार-दोन पद्धत वापरा: दोन सेटर, जुने खेळाडू ज्यांना बूस्टर म्हणतात ते, रोटेशनमध्ये एकमेकांच्या समोरासमोर (एक पुढच्या रांगेत असताना दुसरा मागच्या), आणि जो पुढच्या रांगेत असेल त्यानेच सेट करायचे. तुमचे दोन्ही उंच स्मॅशरही असेच समोरासमोर असावेत. मला शंका आहे की सध्या ते शेजारी-शेजारी असतात, कारण दोघे एकत्र पुढे आले की समोरच्यावर दडपण येते असे वाटते. पण शेजारी ठेवले तर सहापैकी दोन रोटेशनमध्ये पुढच्या रांगेत दोघांपैकी एकही नसतो आणि नेमके तेव्हाच सलग पाच-सहा गुण जातात. समोरासमोर ठेवले की प्रत्येक रोटेशनमध्ये एक सेटर, एक स्मॅशर आणि उरलेल्या दोघांतील एक असे तिघे पुढे राहतात.

तुमच्यात एखादा कमी उंचीचा, चाळिशीचा, परंतु चेंडूवर शांत नजर असलेला खेळाडू असेल तर त्याला लिबरो करा. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात आलेली ही जागा अशाच खेळाडूंसाठी आहे: तो मागच्या रांगेतील कोणाच्याही जागी येऊ शकतो आणि ती अदलाबदल सेटमधील सहा बदलींत मोजली जात नाही. त्याने ब्लॉक करायचा नसतो आणि नेटच्या वरून आक्रमण करायचे नसते. हौशी संघांत वयस्क खेळाडू बाकावर बसवले जातात, याचे मला फार वाईट वाटते. पासिंगमध्ये त्यांचा संयम तरुणांपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. तुमच्या स्पर्धेचे आयोजक लिबरोला परवानगी देतात का, एवढे आधी विचारून घ्या.

आता सर्व्हिस. २५ गुणांच्या सेटमध्ये तुमच्या सहा सर्व्हिस बाहेर किंवा नेटमध्ये गेल्या तर समोरच्याला १९ गुणच मिळवायचे उरतात. जंप सर्व्हिस शिकताना असेच होते, म्हणून मी ती आत्ता नको म्हणतो. जमिनीवर उभे राहून मारलेली फ्लोट सर्व्हिस तुमच्या पातळीवर पुरेशी त्रासदायक असते. चेंडू समोर, फार उंच नाही असा टाकावा, तळहाताच्या टणक भागाने बरोबर मध्यावर ठोसावा आणि हात तेथेच थांबवावा. हात पुढे वळला तर चेंडूला फिरकी मिळते आणि तो सरळ, सोपा होतो. शिट्टीनंतर ८ सेकंद मिळतात, त्यांतील निम्मे तरी श्वास स्थिर करण्यासाठी आणि जागा निवडण्यासाठी वापरावेत. चेंडू एकदाच उडवता येतो, त्यामुळे तो टाकणे हाही सरावाचा भाग समजावा. नेटला लागून पलीकडे पडलेली सर्व्हिस २००० सालापासून चालते, म्हणून ती घेणाऱ्यांनीही शिट्टीची वाट पाहत थांबू नये. निशाणा दोनच ठिकाणी धरावा: मागच्या रेषेजवळ खोल, किंवा दोन खेळाडूंच्या मधल्या फटीत.

सरावाची आखणी साधी ठेवा. पावसाळ्यात मैदान चिखलाचे असते तेव्हा पार्किंगमधील एखाद्या भिंतीसमोर बोटांचा पास आणि दोघादोघांत अंडरहँड पास करता येतो. त्याला नेटही लागत नाही. पाऊस ओसरला की प्रत्येक संध्याकाळचा पहिला अर्धा तास फक्त सर्व्हिस आणि ती घेणे यांसाठी ठेवावा, आणि सामना त्यानंतरच सुरू करावा. हे पाळणे तुम्हाला सर्वांत कठीण जाईल, कारण नोकरीवरून दमून आलेल्या माणसाला लगेच सामना हवा असतो आणि ते स्वाभाविक आहे. त्यावर उपाय म्हणून सरावालाच सामन्याचे रूप द्यावे: एका बाजूने दहा सर्व्हिस करायच्या, दुसऱ्या बाजूने त्या घ्यायच्या, सेटर जागेवरून एका पावलात गाठू शकेल असा पास झाला तर घेणाऱ्यांना गुण, सर्व्हिस चुकली तरीही घेणाऱ्यांना गुण, आणि बाकी सगळे सर्व्हिस करणाऱ्यांना.

ब्लॉकच्या सरावात मात्र एक काळजी घ्या. या खेळात घोटा मुरगळण्याचे प्रमाण मोठे आहे आणि तो बहुधा नेटखाली समोरच्याच्या पावलावर पाय पडल्याने मुरगळतो. उडी सरळ वर घ्यावी आणि दोन्ही पायांवर उतरावे, हे तुमच्या दोन्ही उंच मुलांना मारण्याच्या जोरापेक्षा आधी शिकवा.

जमल्यास वरच्या दर्जाचा एखादा सामना सगळ्यांनी मिळून प्रत्यक्ष पाहावा. २००९ साली बालेवाडीत कनिष्ठ पुरुषांची जागतिक स्पर्धा झाली होती; त्या वेळी मी माझ्या मुलांना सांगितले होते की एक पूर्ण सेट स्मॅशरकडे न पाहता फक्त सर्व्हिस घेणाऱ्या तिघांचे पाय पाहा. तुम्हीही तसेच पाहा. कॅमेरा सतत चेंडूमागे जातो, त्यामुळे दूरदर्शनवर हे नीट दिसत नाही.

जंप सर्व्हिस आणि पाच-एक पद्धत कायमची सोडा असे माझे म्हणणे नाही. बाकावरील एका खेळाडूकडे वही द्या आणि प्रत्येक सर्व्हिस घेतल्यावर त्याने आकडा लिहावा: सेटरला दोन्ही बाजूंना सेट करता आले तर ३, एकाच बाजूला करता आले तर २, चेंडू कसाबसा पलीकडे गेला तर १, गुण गेला तर शून्य. तुमची सरासरी स्पर्धेतील सामन्यांत, आपसांतील नव्हे, दोनच्या आसपास टिकू लागली की पाच-एकचा विचार करा. आणि दहापैकी नऊ फ्लोट सर्व्हिस आत टाकणाऱ्या एका खेळाडूला जंप सर्व्हिस शिकू द्या, सगळ्यांना नव्हे. तोवर नेटची मध्यावरची उंची, जमिनीचा प्रकार आणि आठवड्यातून किती दिवस सगळे एकत्र येतात, एवढे कळवलेत तर प्रत्येक रोटेशनमध्ये कोणी कोठे उभे राहावे हे मी तुमच्या खेळाडूंनुसार मांडून देईन.